विन स्कली गेले : माईकपुढे बसणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

आर्टेशिया, कॅलिफोर्निया
ऑगस्ट २०२२

माईक हातात घेऊन खेळ सांगणाऱ्या माझ्या मराठी भावंडांनो,

स. न. वि. वि.

तुम्ही कुठे कुठे बसता ते मला ठाऊक आहे. रायगड-ठाण्याकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत मांडवाखाली, सांगली-कोल्हापूरच्या मैदानांत आखाड्याच्या कडेला, कबड्डीच्या मॅटशेजारी, रेडिओ-टीव्हीच्या बंद खोलीत. तुमच्यापैकी बहुतेकांनी बेसबॉलचा एक सामनाही पाहिला नसेल. तरीही हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे, कारण २ ऑगस्टला जो माणूस गेला तो तुमच्या पेशातला होता. त्याला निरोप द्यायचा तर माझ्या भाषेत कुणाशी बोलू, हा विचार करताना तुमच्याशिवाय दुसरं कोणी डोळ्यांपुढे आलं नाही.

त्यांचं नाव विन स्कली. वय ९४. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचं समालोचन त्यांनी १९५० साली सुरू केलं. १९५८ साली संघ बाडबिस्तरा घेऊन लॉस एंजेलिसला आला, त्याच्याबरोबर तेही आले. थांबले ते २ ऑक्टोबर २०१६ ला. ६७ मोसम, एकच संघ. सुरुवात केली तेव्हा त्या संघात जॅकी रॉबिन्सन खेळत होता आणि शेवट केला तेव्हा क्लेटन केर्शॉ. एका आजोबांनी ज्यांचा आवाज लहानपणी ऐकला, त्यांचाच आवाज नातवानेही ऐकला, अशी घरं या शहरात गल्लोगल्ली सापडतील.

मी मिरजेहून इथे आले ती १९८७ च्या मार्चमध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. यजमान कारखान्यात दुसऱ्या पाळीला. दुपारी जायचे ते मध्यरात्री यायचे. मला गाडी चालवता येत नव्हती. इंग्रजी वाचता यायचं, पण दुकानातली बाई भरभर बोलायला लागली की हातांना घाम फुटायचा. दिवस कसाबसा सरायचा. संध्याकाळ मात्र खायला उठायची. बाहेर अंधार पडत जायचा, शेजारच्या घरांत दिवे लागायचे, आणि घरात माझ्या बांगड्यांशिवाय दुसरा आवाज नसायचा.

ओट्यावर एक जुना रेडिओ होता, आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला. एप्रिलमध्ये एकदा पोळ्या लाटता लाटता मी पिठाच्या हातानेच त्याचं बटण फिरवलं. एका माणसाचा आवाज आला. तो म्हणाला, डॉजर बेसबॉलची वेळ झाली आहे. मग म्हणाला, नमस्कार मंडळी, तुम्हाला ही संध्याकाळ सुखाची जावो, तुम्ही जिथे कुठे असाल तिथे.

जिथे कुठे असाल तिथे. मी लाटणं हातात धरून उभीच राहिले. मी कुठे आहे हे तोवर या देशात मला कोणी विचारलं नव्हतं. हा माणूस विचारतही नव्हता. असाल तिथे बसा, म्हणत होता. हे वाक्य ते रोज म्हणतात, वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत, हे मला नंतर कळलं. कळल्यावरही त्याचा गोडवा कमी झाला नाही.

खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण माझे अण्णा क्रिकेटचे वेडे. रेल्वेत नोकरी, सुटीच्या दिवशी ट्रान्झिस्टर कानाला. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की आमच्या घरात भांडी आपटायची नाहीत, असा दंडक होता. पायचीत, यष्टिचीत, झेलबाद हे शब्द मी आधी कानांनी शिकले, मैदान पुढे कितीतरी वर्षांनी पाहिलं. त्यामुळे आवाजावरून खेळ कसा बघायचा हे मला येत होतं. स्कली सांगायचे आणि मी बघायचे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कसा उभा आहे, टोपीला हात लावतोय, बॅटरने एक पाय मागे घेतला, गवतावर स्टेडियमची सावली कुठवर आली आहे. महिन्याभरात स्ट्राइक कळला (तीन झाले की बॅटर बाद), बॉल कळला (चार झाले की त्याला पहिला टप्पा फुकट), तीन आउट झाले की बाजू बदलते हे कळलं. जूनपर्यंत मी एकटीच स्वयंपाकघरात ‘अरेरे’ म्हणायला लागले होते.

बेसबॉलचं एक गणित तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर हे नातं कळायचं नाही. एका मोसमात एक संघ १६२ सामने खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. आपल्याकडे कसोटी आली की दिवाळी आल्यासारखं वाटायचं. इथे मात्र खेळ दूधवाल्यासारखा रोज दारात येतो. म्हणून इथला समालोचक घरातला होतो. त्याची सर्दी तुम्हाला कळते. वर्षातल्या १६२ संध्याकाळी जो माणूस तुमच्या ओट्यावर येऊन बसतो, त्याला परका कसं म्हणायचं?

आणि डॉजर्सच्या सामन्यांना ते बसायचे एकटेच. दुसरा समालोचक शेजारी नाही, माजी खेळाडू नाही. इतरत्र दोघं-तिघं आपसात बोलतात आणि आपण ते ऐकतो. स्कलींचं म्हणणं साधं होतं : मला तुम्हाला मोटार विकायची असेल, तर मी तुमच्याशी बोलावं की तुमच्यासमोर तिसऱ्याच कुणाशी त्या मोटारीबद्दल बोलावं? ते तुमच्याशी बोलायचे. हजारो लोक ऐकत असायचे, पण त्यांचं बोलणं एका माणसाशी चाललेलं असायचं. त्या १९८७ सालात मला खात्रीच होती की तो एक माणूस म्हणजे मी.

भिंतीपलीकडे मेक्सिकोहून आलेल्या एक आजी राहायच्या. त्यांच्याकडेही रेडिओ लागायचा, पण स्पॅनिश. तिकडे हायमे हारिन बोलायचे. तेही मोठे समालोचक, १९५९ पासून डॉजर्सचे सामने स्पॅनिशमध्ये सांगणारे, २०२२ चा मोसम त्यांचा शेवटचा. एकच चेंडू दोन भाषांत उडायचा. कधी त्यांच्याकडून आधी आरोळी यायची, कधी माझ्याकडून. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. पण मोठा फटका बसला की त्या भिंतीवर दोनदा ठोकायच्या आणि मी इकडून दोनदा. आमची ओळख अशी झाली. पुढे त्यांच्याकडूनच कळलं की डॉजर स्टेडियम जिथे उभं आहे त्या चावेझ रविनमध्ये पूर्वी मेक्सिकन कुटुंबांची वस्ती होती, ती माणसं तिथून हटवली गेली, आणि त्यांचे यजमान कित्येक वर्षं त्या स्टेडियमची पायरी चढले नव्हते. १९८१ साली फर्नांडो व्हॅलेन्झुएला नावाचा २० वर्षांचा मेक्सिकन मुलगा डॉजर्सचा पिचर म्हणून गाजला, तेव्हा ते पहिल्यांदा गेले. २९ जून १९९० ला त्याच फर्नांडोने समोरच्या संघाला एकही हिट (धावून टप्पा गाठून देणारा फटका) न देता सामना संपवला. स्कली म्हणाले, तुमच्याकडे सोम्ब्रेरो असेल तर आभाळात भिरकावा! सोम्ब्रेरो म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मी धावत शेजारी गेले. आजींनी दारामागच्या खुंटीवरची यजमानांची गवती टोपी काढून माझ्या हातात दिली. त्यांचे यजमान तेव्हा हयात नव्हते.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे? कारण या माणसाचं मोठेपण त्यांच्या आवाजात होतं असं सगळे लिहितात. आवाज गोड होताच. पण मला त्यांच्याकडून मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट वेगळी आहे. ते गप्प बसायचे.

त्याचं मूळ ते स्वतःच सांगत. न्यूयॉर्कमध्ये लहानपणी त्यांच्या घरी पायांवर उभा असलेला मोठा रेडिओ होता. सात-आठ वर्षांचा हा मुलगा उशी, ग्लासभर दूध आणि खारी बिस्किटं घेऊन त्या रेडिओखाली सरपटत जायचा आणि डोकं बरोबर स्पीकरखाली ठेवून पडायचा. सामना कुठल्यातरी दूरच्या कॉलेजांच्या फुटबॉलचा असायचा. कोण जिंकतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. गर्दीने आरोळी ठोकली की तो आवाज शॉवरच्या पाण्यासारखा अंगावरून ओघळायचा. त्या सुखासाठी तो तिथे पडून राहायचा. मोठेपणी माईक हातात आल्यावर त्यांनी ते सुख श्रोत्यांना द्यायचं ठरवलं. काहीतरी मोठं घडलं की ते एका वाक्यात सांगायचे आणि बाजूला व्हायचे. मग आपण आणि गर्दी.

८ एप्रिल १९७४, अटलांटा. हँक आरनने ७१५ वा होम रन (कुंपणापलीकडे जाणारा फटका) मारला आणि बेब रूथचा ७१४ चा विक्रम मोडला. चेंडू टाकणारा डॉजर्सचा अल डाउनिंग होता, म्हणून स्कली तिथे हजर. आरन हा कृष्णवर्णीय खेळाडू. त्या विक्रमाच्या वाटेवर त्याला धमक्यांची पत्रं येत होती. चेंडू कुंपणापलीकडे गेल्याचं सांगून स्कली उठले, कानांवरचा हेडफोन काढला आणि खोलीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. लोक ओरडत होते, फटाके उडत होते. ते परत आले तेव्हा म्हणाले, बेसबॉलसाठी, अटलांटासाठी, देशासाठी आणि जगासाठी हा किती सुंदर क्षण आहे. एका कृष्णवर्णीय माणसासाठी दक्षिणेत सगळं स्टेडियम उठून टाळ्या वाजवतंय. हे ध्वनिमुद्रण मी पुष्कळदा ऐकलं आहे. ते वाक्य मोठंच आहे, पण त्याच्या आधीच्या त्या न बोललेल्या सेकंदांमुळे ते आणखी मोठं झालं. आधी टाळ्या मनसोक्त ऐकवल्या आणि मग सांगितलं की या टाळ्या कुणाच्या आणि कुणासाठी.

दुसरी रात्र मी स्वतः पाहिली. १५ ऑक्टोबर १९८८. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाअखेरच्या अजिंक्यपदाच्या लढतीचा, पहिला सामना. यजमानांना सुटी होती, शेजारच्या आजी आमच्याकडे आल्या होत्या, मी साबुदाण्याची खिचडी केली होती. डॉजर्स ४-३ ने मागे, शेवटची इनिंग (डाव), दोन आउट. कर्क गिब्सनचे दोन्ही पाय दुखावलेले, तो खेळणारच नाही असं स्कली टीव्हीवर सांगून बसले होते. ते आत बसलेल्या गिब्सननेही ऐकलं आणि तो बॅट घेऊन लंगडत बाहेर आला. समोर डेनिस एकर्सली, त्या काळातला सर्वांत भरवशाचा शेवटचा पिचर. एकेका फाउलनंतर, म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या फटक्यानंतर, गिब्सन पाय ओढत परत यायचा. स्कली घाई न करता ते लंगडणं सांगत होते. तीन बॉल, दोन स्ट्राइक. मग तो फटका. चेंडू उजवीकडे उंच गेला आणि स्कली एवढंच म्हणाले की तो गेला. होम रन, सामना डॉजर्सचा.

आणि मग एक मिनिटाहून जास्त वेळ ते बोलले नाहीत. त्या मिनिटात आजी रडत होत्या, यजमान सोफ्यावर उभे राहिले होते, माझ्या हातातली डिश कधी खाली ठेवली मला आठवत नाही. टीव्हीतून फक्त माणसांचा समुद्र ऐकू येत होता. आमच्या खोलीतला आनंद आमचा होता, त्यात कोणी बाहेरचा येऊन बसला नाही. मग त्यांचा आवाज आला : ज्या वर्षात इतकं सगळं अनपेक्षित घडलं, त्या वर्षात आता अशक्य तेही घडलं.

भावंडांनो, मला तुमच्याकडे मागायचं आहे ते हेच मिनिट. तुमच्यावर काय दडपण असतं ते मी समजू शकते. प्रायोजकांची नावं घ्यायची असतात, व्यासपीठावरच्या पाहुण्यांचं स्वागत करायचं असतं, आयोजक मागून चिठ्ठी देतात. तुमची जीभ तिखट आहे, तुमच्याकडे म्हणींचा साठा आहे, तुम्ही दिवसभर उन्हात बसून लोकांना जागं ठेवता. पण शेवटच्या चेंडूवर षटकार बसला, मल्लाची पाठ मातीला लागली, चढाईपटू तिघांना अंगावर घेऊन रेषेला टेकला, की माईक थोडा दूर धरा. गावाचा आवाज जाऊ द्या. कुठेतरी परगावी मोबाइलवर ऐकणाऱ्या एखाद्या पोराला त्या क्षणी गावच हवं असतं.

गप्प बसणं म्हणजे कमी सांगणं नव्हे. ९ सप्टेंबर १९६५ च्या सामन्याची शेवटची इनिंग मिळाली तर जरूर ऐका. सँडी कोफॅक्स हा डॉजर्सचा डावखुरा पिचर शिकागो कब्जविरुद्ध परफेक्ट गेमच्या दारात होता. परफेक्ट गेम म्हणजे समोरचे २७ च्या २७ बॅटर ओळीने बाद, एकही जण पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावरही, पोचलेला नाही. चित्र नाही, फक्त रेडिओ. स्कली तारीख सांगतात. अधूनमधून स्टेडियमच्या घड्याळात किती वाजले ते सांगतात, कारण हे ध्वनिमुद्रण पुढे कोफॅक्सला जपून ठेवता यावं असं त्यांच्या मनात होतं. कोफॅक्स बोटाने कपाळ पुसतो, ते बोट पॅंटला पुसतो, हेही ते सांगतात. पिचर जिथे उभा राहतो तो मातीचा उंचवटा या क्षणी जगातली सर्वांत एकटी जागा असावी, असं म्हणतात. पुढे एक वाक्य येतं की प्रेक्षक आता चेंडू डोळ्यांनी नाही, काळजाने बघायला लागले आहेत. शेवटचा बॅटर हार्वी कीन बॅट फिरवतो, चुकतो. परफेक्ट गेम! पुन्हा तीच लांब शांतता. ती सरल्यावर ते सांगतात की उजवीकडच्या धावफलकावर ९ वाजून ४६ मिनिटं झाली आहेत, आणि २९,१३९ माणसांनी हे पाहिलं. हे सगळं त्यांनी लिहून आणलेलं नव्हतं. घडत होतं तसं तोंडातून येत होतं. मराठी मनाला गद्य आणि कविता यांच्यामधली सीमारेषा चांगली कळते. ती इनिंग त्या रेषेवर चालते, आणि तोल जात नाही.

त्यांचे गुरू ज्येष्ठ समालोचक रेड बार्बर. पेशात ते कसे आले ती गोष्ट मला फार आवडते. १९४९ साली बार्बरनी या नवख्या पोराला बोस्टनच्या फेनवे पार्कवर कॉलेज फुटबॉलचा सामना सांगायला पाठवलं. बंद खोलीत बसायचं असेल असं समजून पोरगं ओव्हरकोट आणि हातमोजे न घेता गेलं. बसायला मिळालं ते स्टेडियमच्या छपरावर, उघड्यावर, नोव्हेंबरच्या थंडीत, हातात माईक आणि लांब वायर घेऊन. पोराने अख्खा सामना सांगितला आणि आपण कुठे, कसे बसलो होतो हे एका शब्दानेही कुणाला सांगितलं नाही. बार्बरना ते बाहेरून कळलं. पुढच्या मोसमात विन स्कली ब्रुकलिनमध्ये होते.

बार्बरनी शिकवलं आणि स्कलींनी पाळलं असं आणखी एक. ते कधी ‘आपला संघ’ म्हणाले नाहीत. ‘आपण जिंकलो’ हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. पगार डॉजर्सचा, पण समोरच्या संघातल्या मुलाने सुरेख झेल घेतला तर त्याचं कौतुक तेवढ्याच मायेने. त्याचं गाव, त्याची आई, त्याने लहानपणी काय काय सोसलं, सगळं त्यांना ठाऊक असायचं. शेवटच्या मोसमांत एकदा जायंट्स या समोरच्या संघाच्या मॅडिसन बमगार्नर या पिचरची गोष्ट त्यांनी सांगितली. त्याने म्हणे एक साप मारला (इथला शेपटी वाजवणारा), आणि त्याच्या बायकोने बघितलं तर सापाच्या पोटात सशाची पिल्लं. त्यातलं एक जिवंत निघालं आणि तिने ते वाढवलं. गोष्ट चालू असताना चेंडू पडत होते. सापावर कुऱ्हाड पडली, बॉल एक. पोटातून पिल्लू निघालं, स्ट्राइक दोन. एकही चेंडू सुटला नाही आणि गोष्टही तुटली नाही. आमच्या आजोळी जात्यावर ओवी म्हणताना आजीचा हात वैरणीला जायचा आणि ओवीत खंड पडायचा नाही, त्याची मला आठवण झाली.

अण्णा १९९१ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. इंग्रजी फारसं येत नव्हतं, बेसबॉल तर मुळीच नाही. पण पहिल्याच संध्याकाळी स्टूल ओढून ते रेडिओपाशी बसले. अर्धा तास ऐकलं. मग म्हणाले, “बेबी, ह्या माणसाला घाई नाही.” जाईपर्यंत रोज बसायचे. खेळ नको होता त्यांना, सूर हवा होता. परत जाताना विमानतळावर त्यांनी मला जे सांगितलं ते आईबद्दल होतं, घराच्या कागदांबद्दल होतं, आणि शेवटी, “संध्याकाळी तो लागतो ना, मग मला तुझी काळजी नाही.” अण्णा १९९९ मध्ये गेले. मला वेळेवर पोचता आलं नाही. परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी तेच स्टूल ओढून बसले होते.

या शहराने त्यांच्यावर कसं प्रेम केलं त्याची सुरुवात माझ्या येण्याच्या कितीतरी आधीची. १९५८ ते १९६१ अशी चार वर्षं डॉजर्सना स्वतःचं मैदान नव्हतं. ते कोलिझियममध्ये खेळायचे. ते स्टेडियम ऑलिंपिकचं, अवाढव्य. १९५९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तिथे एका सामन्याला ९२,७०६ माणसं होती. मागे बसलेल्यांना खेळाडू मुंगीएवढे दिसायचे, आणि शहराला या संघाची ओळखही नवी. मग लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायला लागले. समोर खेळ चालू आणि कानाला स्कली, की आपण काय बघतोय ते ते सांगतील. स्टेडियमभर इतके रेडिओ असायचे की त्यांचा आवाज उलट त्यांच्याच माईकमध्ये यायचा. १९६० साली एकदा पंच फ्रँक सेकोरींचा वाढदिवस होता. स्कली रेडिओवर म्हणाले, मी तीन म्हटलं की सगळे मिळून शुभेच्छा देऊ. हजारो लोक एका सुरात ओरडले आणि बिचारे पंच चमकून बघत राहिले.

एक दुःखही सांगून टाकते. २०१४ पासून डॉजर्सचे सामने दाखवण्याचे हक्क आणि केबलचे दर यावरून कंपन्यांचा वाद झाला, आणि शहरातल्या पुष्कळ घरांत ते दिसेनासे झाले. आमचंही घर त्यातलंच. त्या माणसाची शेवटची तीन वर्षं, आणि आम्हाला चित्र नाही. फोन करून करून मी थकले. पण टीव्हीवरच्या सामन्यांत पहिल्या तीन इनिंग्जचं त्यांचं बोलणं रेडिओवरही यायचं. तेवढंच मिळायचं. त्या तीन इनिंग्जसाठी मी पुन्हा ओट्यापाशी उभी राहायला लागले, सत्त्याऐंशी सालासारखी. चौथी सुरू झाली की दुसरा आवाज यायचा. तो माणूसही चांगलाच होता. पण कढई खाली उतरवल्यासारखं वाटायचं. अगदी शेवटचे काही सामने मात्र सर्वांना दिसतील अशा वाहिनीवर दाखवले गेले.

२५ सप्टेंबर २०१६ ला त्यांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला. खोलीच्या खिडकीखाली त्यांनी एक फलक सोडला होता : मला तुमची आठवण येईल. दहाव्या इनिंगमध्ये चार्ली कल्बरसन नावाच्या, फारसं नाव नसलेल्या खेळाडूने होम रन मारून सामना जिंकला आणि डॉजर्सनी आपला गट जिंकला. नंतर स्कलींनी आपल्या बायकोसाठी गायलेल्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण लावलं. हजारो माणसं जागची हलली नाहीत.

आठवड्याने, २ ऑक्टोबरला, सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा सामना. ती तारीख त्यांच्यासाठी जुनी होती. २ ऑक्टोबर १९३६ ला, बरोबर ८० वर्षांपूर्वी, शाळेतून घरी येताना आठ वर्षांच्या विनला एका चिनी लॉन्ड्रीच्या खिडकीत वर्ल्ड सिरीजचा निकाल लावलेला दिसला : यांकीज १८, जायंट्स ४. हरलेल्यांची त्याला दया आली आणि तो जायंट्सचा झाला, बेसबॉलचा झाला. आयुष्यातलं शेवटचं समालोचन त्याच जायंट्सच्या मैदानावर, त्याच तारखेला. जाताना म्हणाले, तुम्ही आणि मी फार दिवसांचे मित्र आहोत, पण तुम्हाला माझी जितकी गरज होती त्याहून जास्त मलाच तुमची होती हे मी मनातून जाणतो. आणि सामना दुपारचा होता म्हणून संध्याकाळऐवजी म्हणाले, ही दुपार तुम्हाला सुखाची जावो, जिथे कुठे असाल तिथे.

यंदा २ ऑगस्टला डॉजर्स पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोतच खेळत होते. सामना चालू असताना बातमी आली. शेजारच्या आजी २००८ मध्ये गेल्या. त्यांच्या मुलीचा मला फोन आला. ती काही बोलली नाही. फोनमधून दोनदा टकटक ऐकू आली. मीही ओट्यावर दोनदा बोट वाजवलं.

५ ऑगस्टला आम्ही दोघी स्टेडियमवर गेलो. रस्त्याला २०१६ पासून त्यांचंच नाव आहे, विन स्कली अव्हेन्यू. फाटकाशी फुलं, मेणबत्त्या, निळ्या टोप्या, आणि कुणीतरी ठेवलेला एक लहान ट्रान्झिस्टर. खेळाडूंच्या बाहीवर काळी पट्टी, तिच्यावर माईकचं चित्र आणि ‘विन’. संघाचे व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स मैदानात उभे राहून बोलले. त्यांच्या खोलीपाशी नवा फलक सोडला : विन, आम्हाला तुमची आठवण येईल. मग सगळ्या स्टेडियमने एका आवाजात म्हटलं की डॉजर बेसबॉलची वेळ झाली आहे.

मी जुन्या सवयीने कानात रेडिओचा इअरफोन घालून बसले होते. आरोळी उठली तेव्हा तो काढला, मुठीत धरला, आणि तो आवाज विरेपर्यंत तशीच उभी राहिले.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
आर्टेशियाची एक श्रोती